भोके पाडणारी माणसे

एप्रिल उजाडला, की पुण्याच्या उपनगरांतून बोअरची गाडी हिंडू लागते. सोसायटीच्या सभेत वर्गणी ठरते. कोणीतरी कोठून तरी एक पाणाड्या शोधून आणतो. तो तळहातावर नारळ आडवा धरून आवारात फेऱ्या घालतो आणि नारळ जेथे उभा राहील तेथे चुन्याची फुली मारतो. मग रात्रभर धडधडाट! सकाळी गच्चीवरच्या पापडांवर करड्या धुळीचा थर. पाणी लागले तर पेढे, न लागले तर सेक्रेटरीच्या नावाने शिमगा. चारशे-पाचशे फूट खाली काय आहे हे वरून कोणालाच दिसत नाही, आणि तरीही पैसे आधी मोजावे लागतात. या धंद्याचे सारे मर्म एवढ्यात आले.

हाच खेळ जगभर दुसऱ्या एका वस्तूसाठी चालतो. ती वस्तू म्हणजे युरेनियम. माझी एक जुनी विद्यार्थिनी बारावीपर्यंत मराठीत उत्तम गुण मिळवून पुढे (आमच्या दुर्दैवाने) भूशास्त्राकडे वळली आणि ऑस्ट्रेलियात अशाच एका लहानशा कंपनीत नोकरीला लागली. सुट्टीवर आली की ती घरी येते आणि दगडांविषयी बोलते. या लेखाचे निमित्त तीच.

मी तिला विचारले होते, "आपल्या पुण्याखाली नाही का ग युरेनियम?" ती हसली. पुणे बसले आहे ते काळ्या कातळावर, म्हणजे बेसाल्टवर. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर पसरून तो झाला. या दगडात युरेनियम नावापुरतेच. ग्रॅनाइटमध्ये टनामागे तीन-चार ग्रॅम तरी असते, बेसाल्टमध्ये त्याहून पुष्कळ कमी. आता या काळ्या गोधडीखाली जुना ग्रॅनाइट आहेच. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी भोक पाडले, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर तो लागला. कोयनेजवळ रासाटीला तर नऊशे मीटरहून अधिक खाली जावे लागले. एवढी जाड गोधडी उचलून खाली युरेनियम शोधायला कोण जाणार?

पण दक्षिणेकडे ही गोधडी विरत जाते. बेळगावच्या पुढे गेले की काळा दगड संपतो आणि तांबूस, वाळूचे, फार प्राचीन खडक वर डोके काढतात. कलादगी आणि बदामी या नावांनी भूशास्त्रज्ञ ते ओळखतात. बदामीची लेणी कोरली आहेत ती याच दगडात. बेळगाव जिल्ह्यातल्या देशनूर येथे याच बदामी खडकांत सरकारच्या अणुखनिज संचालनालयाला युरेनियम आढळले. त्याच्या पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात, गोगी येथेही ते सापडले. म्हणजे मराठी मुलखाच्या उंबरठ्यापर्यंत हा धातू येऊन ठेपला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता भोक पाडायचे कसे? बोअरची गाडी दगडाचा भुगा करते. तिला दगडाशी देणेघेणे नाही, पाण्याशी आहे. खनिज शोधणाऱ्याला दगडच हवा असतो. म्हणून तो पोकळ नळी वापरतो. तिच्या तोंडाशी बारीक हिरे बसवलेले असतात. नळी फिरते, कडेचा दगड झिजतो आणि मधला दांडा अखंड राहून नळीत वर येतो. त्याला म्हणतात कोअर. आमच्या 'कोरणे' या क्रियापदाशी त्याचे काही नाते नाही, निव्वळ योगायोग आहे. पण मराठीच्या मास्तराला असे योगायोग आवडतात. हे दांडे खोबणीच्या लांबट पेट्यांत ओळीने मांडतात, खोलीचे आकडे घालतात, पाणी मारून रंग पाहतात. मग दांडा उभा चिरायचा. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत राहतो. हा राहिलेला अर्धा भाग फार महत्त्वाचा. का, ते पुढे येईल.

त्याशिवाय भोकात एक यंत्र सोडतात. ते गॅमा किरण मोजते. येथे एक गंमत आहे. युरेनियम स्वतः तसे मुके. गोंगाट करतात ती त्याची वंशज द्रव्ये, विशेषतः बिस्मथचा एक प्रकार. आजोबा आरामखुर्चीत गप्प बसलेले असावेत आणि नातवंडांनी घर डोक्यावर घ्यावे, तसे. बाहेरून गोंगाट ऐकून आपण म्हणतो, आजोबांचे घर हेच. पण युरेनियम पाण्यात विरघळून दूर जाऊ शकते. मग नातवंडे येथे आणि आजोबा भलत्याच गावी! म्हणून यंत्राच्या आकड्यावर विसंबून चालत नाही, दगडाची रासायनिक तपासणी करावीच लागते.

आणि एवढे करून मिळते किती? झारखंडातल्या जादुगुड्याच्या दगडात शेकडा सुमारे ०.०६. म्हणजे टनभर दगड फोडावा, तेव्हा सहाशे ग्रॅमच्या आसपास माल त्यात असतो. कॅनडात सिगार लेक येथे याच्या कित्येक पट श्रीमंत दगड १९८१ साली सापडला, पण खाणीत पाणी शिरून काम अडले आणि प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले २०१४ साली. सापडणे आणि हाती येणे यांत तेहतीस वर्षे गेली.

या तेहतीस वर्षांचा खर्च कोणी सोसायचा? येथेच त्या लहान कंपन्या येतात. कॅनडा-ऑस्ट्रेलियात त्यांना 'ज्युनियर' म्हणतात. यांच्याकडे खाण नसते, विकायला माल नसतो, नफा तर नसतोच. असतो तो जमिनीच्या तुकड्यावरचा शोधाचा हक्क, दोन-चार भूशास्त्रज्ञ आणि भागधारकांचा पैसा. पैसा संपला की नवे भाग काढायचे. विकायचे काय, तर आशा. एका भोकाचा निकाल चांगला आला की भाव उसळतो, पुढच्या तीन भोकांत काही नाही की कोसळतो. कित्येक कंपन्यांची नावे तेवढी उरतात.

पण ही आशा खोटीच असते असेही नव्हे. नेक्सजेन ही अशीच एक कंपनी २०११ साली निघाली आणि २०१४ साली तिला सस्कॅचवानमध्ये मोठा साठा सापडला. त्याहून नाट्यमय कथा चार्ली स्टीनची. हा बत्तीस वर्षांचा अमेरिकन भूशास्त्रज्ञ युटाच्या वाळवंटात बायको व चार मुलांसह खोपटात राहत होता. किरण मोजायचे साधे यंत्रही त्याच्याजवळ नव्हते. जुलै १९५२ मध्ये १९७ फुटांवर त्याची नळी मोडली. हाती आलेला दगड होता काळा आणि तो शोधत होता पिवळा! निराश होऊन दगड तसाच गाडीत टाकून तो निघाला. वाटेत पेट्रोल पंपावर ओळखीच्या माणसाच्या यंत्राजवळ सहज तो धरला, आणि काटा पार टोकाला गेला. स्टीन कोट्यधीश झाला, डोंगरावर बंगला बांधला, आणि १९६८ पर्यंत दिवाळखोर. त्याच्यामागे सॉल्ट लेक सिटीत सेंटासेंटाला युरेनियमचे भाग विकले गेले, त्यांतले बहुतेक कागदच राहिले. त्या प्रदेशातल्या खाणींत राबलेल्या नावाहो मजुरांना फुप्फुसाचा कर्करोग जडला. भरपाईचा कायदा झाला, तो १९९० साली.

अर्ध्या दांड्याची गोष्ट राहिली. ती सोन्याची आहे, पण सगळ्या भोके पाडणाऱ्यांना तिने शहाणे केले. ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने बोर्निओत सोने सापडल्याचे जाहीर केले आणि तिची बाजारातली किंमत सुमारे सहाशे कोटी कॅनडियन डॉलरवर गेली. १९९७ साली उघड झाले, की नमुन्यांत सोन्याचा कीस बाहेरून मिसळला होता. त्यांनी दांडे चिरून अर्धे राखले नव्हते, सगळेच कुटून टाकले होते. म्हणून पडताळायला काही उरलेच नव्हते! २००१ साली कॅनडाने नियम केला, की जबाबदार तज्ज्ञाच्या नावाशिवाय असे आकडे छापायचे नाहीत.

आमच्या विद्यार्थिनीच्या कंपनीत लबाडी नव्हती, केवळ दैव नव्हते. २००३ च्या सुमारास पौंडाला दहा डॉलर असलेले युरेनियम २००७ च्या जूनमध्ये एकशे तीसच्या वर गेले. त्या लाटेत कंपनी निघाली. २०११ साली फुकुशिमा झाले. २०१६ पर्यंत भाव वीसच्याही खाली. एका सकाळी तंबूत सांगण्यात आले, रिग उद्या परत जाणार. तिने राहिलेले दांडे पेट्यांत भरले, भोके सिमेंटने बुजवून घेतली (खालचे खारे पाणी वरच्या गोड्या पाण्यात मिसळू नये म्हणून ते करावेच लागते) आणि ती पुण्याला आली. तिच्या आईवडिलांनी कौतुकाने निवृत्तीच्या पैशातून त्या कंपनीचे भाग घेतले होते. त्या रकमेविषयी त्या घरात कोणी बोलत नाही.

आपल्याकडे हा जुगार भागधारकांनी खेळला नाही. भूशास्त्रज्ञ दाराशॉ वाडिया यांच्या नेतृत्वाखाली १९४९ साली सरकारी शोध सुरू झाला, १९५१ मध्ये जादुगुडा सापडले, १९६२ च्या कायद्याने अणुखनिजे सरकारच्या मुठीत ठेवली आणि १९६७ साली सरकारी युरेनियम महामंडळ निघाले. नड खरीच होती. १९६९ साली चालू झालेल्या आपल्या तारापूरला अमेरिकेचे इंधन लागे. १९७४ च्या अणुस्फोटानंतर तिने हात आखडला. २००७-०८ मध्ये तर देशातल्या अणुभट्ट्या इंधनाच्या टंचाईने मंदावल्या होत्या.

पण भागधारक नसले, म्हणून किंमत कोणी मोजली नाही असे नाही. जादुगुड्यात गाळाच्या तलावांशेजारी आदिवासींची गावे आहेत. तेथील आजारांविषयी डॉक्टरांच्या एका संघटनेचे म्हणणे एक आणि महामंडळाचे अगदी उलट. २०१९ साली नल्लमलाच्या जंगलात शोध होणार म्हणताच तेलंगणाच्या विधानसभेने विरोधाचा ठराव केला. माझ्या मते भोक पाडणाऱ्याने गावाला आधी विचारावे, हे सरकारने कंपनीहून जास्त पाळायला हवे. कंपनी निघून जाते, सरकार तेथेच असते.

मेघालयात डोमियासियाट येथे चांगला साठा सापडला. पण खासी विद्यार्थी संघटनेने विरोध मांडला, आणि स्पेलिटी लिंगदोह लांगरिन या म्हाताऱ्या बाईंनी कोट्यवधी रुपयांचा भाडेपट्टा नाकारून आपली जमीन देणार नाही म्हणून सांगितले. २०२० साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्या वारल्या. त्यांच्या हयातीत तेथे खाण झाली नाही.