डोळ्यापुढं 'माश्या' उडतात? ही चार लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा

लासूर स्टेशन : उन्हात आभाळाकडं किंवा पांढऱ्या भिंतीकडं पाहिलं की काहींना डोळ्यापुढं काळे ठिपके, धागे, जाळं तरंगताना दिसतं. नजर तिकडं नेली की ते पुढं सरकतं. माशी समजून हात हलवावा, तर माशी नसतेच. डॉक्टर याला 'फ्लोटर्स' म्हणतात.

कशामुळं होतं?
बुबुळाच्या मागं डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो. त्यात जवळपास सगळं पाणीच असतं, थोडे बारीक तंतू असतात. वय वाढलं की जेली पातळ होते, तंतू एकत्र येऊन गुठळ्या होतात. त्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते, तीच आपल्याला दिसते. पन्नाशीनंतर हे बऱ्याच जणांना होतं. जुने, एक-दोन, न वाढणारे ठिपके सहसा त्रास देत नाहीत. हळूहळू त्यांची सवय होते.

धोका कधी?
जेली आकसताना कधी पडदा ओढला जाऊन फाटतो. फटीतून पाणी शिरलं की पडदा सुटतो आणि नजर जाऊ शकते. पुढील लक्षणं दिसली तर थांबू नये :
- अचानक खूप ठिपके किंवा काजळीसारखा सडा दिसणं
- अंधारातही वीज चमकल्यासारखं होणं
- एका बाजूनं काळा पडदा ओढल्यासारखं वाटणं
- नजर एकदम कमी होणं

यात डोळा दुखत नाही, लालही होत नाही. म्हणूनच माणूस 'कांदा विकून झाला की पाहू' म्हणत दिवस घालवतो. पडदा फक्त फाटलेला असताना लेझरनं काम भागू शकतं. सुटल्यावर बहुतेकदा ऑपरेशन लागतं, आणि उशीर झाला तर गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही.

कोणी जास्त जपावं?
मोठा मायनस नंबर असलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, डोळ्याला मार लागलेले आणि घरात कुणाचा पडदा सुटलेला असेल ते. शुगर असलेल्यांच्या डोळ्यात आत रक्त उतरूनही असे ठिपके दिसतात. एकेक डोळा झाकून पाहावं, नाहीतर चांगला डोळा दुसऱ्याची खोट झाकून टाकतो.

तपासणी कुठं, कशी?
मेडिकलवरून आणलेल्या थेंबांनी फाटलेला पडदा जुळत नाही. मध, दूध तर डोळ्यात घालूच नये. गावातल्या शिबिराची वाटही पाहू नये. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात नेत्रविभाग आहे, लासूरहून एसटी आणि रेल्वे दोन्ही मिळतात. पडदा तपासायचा आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून तपासणी होते. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून मोटारसायकल स्वतः चालवू नये, सोबत कुणाला तरी न्यावं.