पाचट आणि पाचोळा
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

ऊस तुटून गेला की शेतात पाचट उरतं. माझी सगळी नोकरी कृषी विस्ताराच्या कामात गेली आणि त्यातली बरीच वर्षं सांगली जिल्ह्यात एकच गोष्ट सांगण्यात गेली : पाचट जाळू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. त्याची कुट्टी करा, सरीत पसरा, खोडवा त्यावर पोसेल. एकदा वाळवा तालुक्यातल्या सभेत एक शेतकरी उठला आणि म्हणाला, ‘‘साहेब, तुमच्या पुण्याच्या सोसायटीत झाडाची पानं पडत असतील. त्यांचं काय करता?’’ सभा हसली. मीही हसलो आणि विषय बदलला. कारण आम्ही ती जाळत होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपाउंडच्या कोपऱ्यात रोज सकाळी ढीग पेटायचा, आणि सोसायटीचा सचिव मीच होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दमा. त्या दोन महिने खिडक्या लावून बसत. तक्रार त्यांनी कधी केली नाही, म्हणून मीही कधी विचार केला नाही.

त्या शेतकऱ्याचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि त्याचं उत्तर मिळालं ते फार लांब. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी पत्नी मुलाकडे अमेरिकेत मॅडिसनला गेलो होतो. विस्कॉन्सिन राज्याची ही राजधानी. मेंडोटा आणि मोनोना या दोन सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर गावाचा जुना भाग वसलेला. मुलाच्या घरापुढे दोन मेपल, मागे एक ओक आणि भोवती हिरवळ. आम्ही पोचलो तेव्हा मेपल लालभडक होते. आठवड्याभरात ती सगळी लाली गवतावर उतरली. शनिवारी सकाळी मुलगा दाताळं घेऊन बाहेर पडला आणि संध्याकाळी कंबर धरून आत आला. रविवारी पाहतो तर अंगण पुन्हा पानांनी भरलेलं.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांच्या हातात दाताळं नव्हतंच. ते आपलं गवत कापायचं यंत्र, म्हणजे लॉनमोवर, सरळ पानांवरून फिरवत होते. पुढे पाचोळ्याचा गालिचा आणि यंत्रामागे हिरवं गवत. पानं गेली कुठे? मी कुंपणाजवळ जाऊन वाकून बघितलं. पानं तिथेच होती, पण नखाएवढे तुकडे होऊन गवताच्या पात्यांमध्ये उतरली होती. मी मनात म्हटलं, अरे, ही तर पाचट कुट्टी!

या यंत्राच्या पोटात एक आडवं पातं असतं आणि ते मिनिटाला साधारण तीन हजार फेरे घेतं. नेहमीच्या गवतकापणीत कापलेलं गवत बाजूच्या तोंडातून बाहेर पडतं किंवा पिशवीत जातं. पानांसाठी ते तोंड झाकण लावून बंद करतात. मग कापलेलं पान आतल्या आत भोवंडत राहतं आणि पुन्हा पुन्हा पात्याखाली येतं. यासाठी वेगळं, कडांना वळण दिलेलं पातंही मिळतं. ते हवा वर खेचतं आणि तुकडे तरंगते ठेवतं. साधं पातंही चालतं, फक्त दोनदा फिरवावं लागतं, एकदा उभं आणि एकदा आडवं. यंत्राची उंची तीन इंचांच्या आसपास ठेवायची. काम झाल्यावर उभं राहून पाहिलं तर निम्म्याहून जास्त गवत दिसलं पाहिजे. दिसत नसेल, तर पानं जास्त झाली. ती उचलून झाडाच्या बुंध्याशी टाकायची.

अख्खी पानं गवतावर राहिली तर काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. जंगलात कोण झाडतं? खरं आहे, पण जंगलात खाली हिरवळ नसते. मेपलचं पान पंजाएवढं रुंद. अशी पानं पावसात भिजली की एकावर एक चिकटून त्यांची चटई होते. गवताला ऊन मिळत नाही, वरून बर्फ पडतो, आणि वसंतात ती चटई उचलली की खाली बुरशीनं खाल्लेले पिवळे चट्टे निघतात. तेच पान बारीक केलं की चटई होत नाही, तुकडे मातीला टेकतात आणि जिवाणूंना कुरतडायला कडा मिळतात. गांडुळंही ते ओढून नेतात. (गंमत म्हणजे त्या उत्तरेकडच्या भागात गांडुळं मूळची नाहीत. हिमयुगाच्या बर्फानं तो मुलूख पुसून काढला होता. आजची गांडुळं युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर आली.)

इथे माझ्यातला जुना विस्तार अधिकारी जागा झाला. झाड पान टाकण्याआधी त्यातलं बरंचसं नत्र आणि स्फुरद परत ओढून घेतं. झाड काही उधळ्या स्वभावाचं नसतं. त्यामुळे पडलेल्या पानात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना एका भाग नत्रामागे साधारण पंचवीस-तीस भाग कर्ब मानवतो. वाळलेल्या पानात तो चाळीस-पन्नास किंवा जास्तही असतो, उसाच्या पाचटात शंभराच्या पुढे. म्हणून तर आम्ही टनामागे आठ किलो युरिया टाकायला सांगायचो. मग या हिरवळीची उपासमार होत नाही का? मिशिगन राज्य विद्यापीठात १९९० च्या दशकापासून यावर प्रयोग झाले. मेपल आणि ओकची पानं दरवर्षी हिरवळीवर बारीक केली, गवताचं नुकसान झालं नाही, उलट डँडेलियन नावाचं पिवळ्या फुलांचं तण कमी झालं. तुकडे मातीची उघडी भोकं झाकतात, तिथे तणाच्या बियाला रुजायला जागा उरत नाही. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठातही मेपलची पानं अशीच वर्षानुवर्षं मुरवली, तरी मातीचा सामू बदलला नाही. पानांनी जमीन आंबट होते, ही समजूत तिकडेही घट्ट आहे. शिवाय वाढतं गवतही त्याच फेरीत कापलं जातं आणि ते नत्रानं समृद्ध असतं. म्हणजे युरियाची थोडी सोय आपोआप होते.

पण मॅडिसनला या गोष्टीत अंगणापेक्षा मोठं काहीतरी पणाला लागलेलं आहे. मेंडोटा आणि मोनोना उन्हाळ्यात हिरवी होतात. निळं-हिरवं शेवाळ माजतं, त्यातलं काही विषारी असतं, पोहण्याचे किनारे बंद करावे लागतात. या शेवाळाचं अन्न म्हणजे फॉस्फरस. म्हणून त्या डेन काउंटीनं २००५ पासून हिरवळीच्या खतात फॉस्फरसवर बंधन घातलं, पुढे २०१० मध्ये सगळ्या राज्यानं. तरी एक वाट उघडीच होती. रस्त्यावर पडलेली पानं. पाऊस आला की चहापत्तीसारखी ती भिजतात आणि त्यांच्यातला उरलासुरला फॉस्फरस पावसाळी गटारातून सरळ सरोवरात जातो. तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण विभागानं मॅडिसनच्याच वस्त्यांत मोजून पाहिलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. ज्या वस्तीत पावसाआधी रस्त्यावरची पानं काटेकोरपणे उचलली, तिथे पानगळीच्या दिवसांत वाहून जाणारा फॉस्फरस ८४ टक्क्यांनी कमी झाला. मी तो आकडा दोनदा वाचला. खताच्या पिशवीवर कायदा करणं सोपं, झाडाला कायदा कसा लावणार? म्हणून पानं रस्त्यावर लोटू नका, अंगणातच मुरवा, असं नगरपालिका सांगते. कचरा डेपोत न्यायचीही सोय नाही. विस्कॉन्सिननं १९९३ पासून अंगणातला पालापाचोळा तिथे टाकायला बंदी घातली आहे.

पुढच्या रविवारी आम्ही बाप-लेकांनी यंत्र बाहेर काढलं. पहिला धडा मला घोट्यावर मिळाला. मी मोज्यांवर चपला घालून शेजारी उभा होतो आणि ओकचं एक टणक फळ पात्याला लागून गोळीसारखं येऊन बसलं. तेव्हा बंद बूट, डोळ्यांवर चष्मा आणि पोरंबाळं घरात. दुसरा धडा दुसऱ्या दिवशी. रात्री पाऊस पडून गेला होता, मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, पानं सुकू द्या.’’ मी ऐकलं नाही. ओल्या पानांचा लगदा यंत्राच्या पोटात चिकटला, इंजिन गुदमरून बंद पडलं. मी यंत्र कलतं करून खाली हात घालणार, तोच मुलगा ओरडला. बंद पडलेलं पातंसुद्धा हातानं फिरलं तर इंजिन ठिणगी घेऊ शकतं. आधी स्पार्क प्लगची वायर काढायची, मग काठीनं लगदा खरवडायचा. हात घालायचाच नाही.

सूनबाईंनी मात्र मागचा ओकाखालचा कोपरा आम्हाला हात लावू दिला नाही. पाचोळ्यात फुलपाखरं-पतंगांचे कोष असतात, केसाळ सुरवंट गुंडाळी करून हिवाळा काढतात. यंत्र त्यांचीही कुट्टी करतं. हे बरोबरच होतं. हिरवळीवर यंत्र चालवावं, झाडाखाली पानं अख्खी राहू द्यावीत.

पुण्यात परतलो ते पानगळीच्या तोंडावर. इथे लॉनमोवर फिरवण्याएवढी हिरवळ आमच्याकडे नाही, आणि मोठा फरक ओलाव्याचा. तिकडे पानांवर पाऊस आणि बर्फ पडतो, आपल्याकडे पान पडतं आणि पुढचे चार महिने पाण्याचा थेंब नाही. म्हणून आम्ही जाळीचा उभा पिंजरा केला. वाळकी पानं पोत्यात भरून सोसायटीतल्या पोरांना त्यावर नाचायला लावलं, हे काम त्यांना कधी सांगावं लागत नाही. तो चुरा पिंजऱ्यात, वर शेणकाला, आणि आठवड्यातून एकदा पाणी. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ च्या डिसेंबरमध्येच पाच हजारांचा दंड ठरवला होता, हे मला तेव्हा कळलं. काकूंच्या खिडक्या मात्र मार्चमध्ये उघड्या होत्या.

जुलैत पिंजरा तळातून उघडला तर खाली काळी भुसभुशीत माती. मी वाळव्याच्या त्या शेतकऱ्याला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, ‘‘बेस झालं साहेब. युरिया टाकला होता न्हवं?’’