दार उघडताना डावा हात वापरा

मी पुण्यात सायकलही चालवतो आणि कारही, म्हणून मनापासून लिहितोय. सायकलवाल्याला मागून येणाऱ्या गाडीइतकीच धास्ती असते ती कडेला उभ्या असलेल्या कारच्या अचानक उघडणाऱ्या दाराची. यावर नेदरलँड्समध्ये रुजलेली एक साधी सवय आहे: दार जवळच्या नाही, लांबच्या हाताने उघडायचं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे डाव्या हाताने. हात आडवा नेला की खांदा वळतो, मान वळते आणि मागून येणारी सायकल आपसूक दिसते. डावीकडे बसलेल्यांनी उजवा हात वापरायचा. मुलांनाही शिकवा, पटकन अंगवळणी पडतं.

दुसरं, समोरच्या काचेच्या कडेचा खांब. उजवीकडे वळताना तो अख्खा माणूस झाकतो. आपण वळतोय, तो चालतोय. गती जुळली तर तो शेवटपर्यंत खांबाआडच राहतो. वळण्याआधी जरा पुढे झुकून, मान हलवून बघा.

आणि वेग. ताशी 50 किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते. वेग 30 वरून 60 वर नेला, तर ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. शाळेच्या गल्लीत 30 च्या खालीच राहा.

सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा, हे 2017 च्या केंद्रीय नियमांतच आहे. तिथे थांबलेल्या गाडीला ओव्हरटेक करू नका. तिच्यापुढून बहुधा कुणीतरी रस्ता ओलांडत असतं.