समुद्राचा पंचनामा कोण करणार?

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ एका कुशीवर कलंडले, त्याच्यावरचे शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि टाक्यांतून इंधन तेल वाहू लागले. जहाजावर सुमारे १२०० कंटेनर होते, त्यांपैकी ३१ कंटेनरांत कीटकनाशकांसारखे घातक पदार्थ होते आणि टाक्यांत २६०० टनांच्या आसपास तेल होते. गळती दोन दिवसांत थांबली. सुमारे ८०० टन तेल सांडल्याचा अंदाज जाहीर झाला. अलिबाग, उरण, घारापुरीपासून ठाण्याच्या खाडीतील खारफुटीपर्यंत काळा थर पसरला. पावसाळी मासेमारीबंदी संपून नवा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर हे घडले. परिस्थिती आटोक्यात आहे असे सांगितले जात होते. आणि तरीही मुंबईच्या बाजारात गिऱ्हाईक मासळीच्या टोपलीपाशी येऊन थबकत होते.

पुढे एक वर्षही लोटले नाही तोच, ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘एमव्ही राक’ हे जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. त्यात ६० हजार टनांहून अधिक कोळसा आणि सुमारे ३४० टन इंधन होते. पुन्हा तवंग, पुन्हा निवेदने, पुन्हा ‘चिंतेचे कारण नाही’ हे परिचित वाक्य. या जहाजाने समुद्राचे किती नुकसान केले, याचा निवाडा मात्र प्रशासनाच्या निवेदनांतून झाला नाही. एका नागरिकाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, न्यायाधिकरणाने जहाजमालकांना १०० कोटी रुपये आणि कोळशाच्या मालकाला ५ कोटी रुपये भरपाई भरण्याचा आदेश दिला. जे नुकसान नगण्य आहे असे लोकांच्या मनावर ठसवले जात होते, त्याचे मोल एवढे निघाले. अशा अनुभवानंतर पुढच्या निवेदनावर लोकांनी कोणत्या आधारावर विश्वास ठेवावा?

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला वाटेल, समुद्र येथून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. त्याच्याशी आपला संबंध काय? एक संबंध तर उघड आहे. आपल्या दुचाकीत जे पेट्रोल पडते त्यातील बरेचसे मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून नळाने मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत आणि तेथून टँकरने मराठवाड्यात येते. समुद्रातून येणाऱ्या तेलाचा लाभ आपणही घेतो. त्याची जोखीम तेवढी कोळीवाड्याने सोसायची, हे न्याय्य नव्हे. दुसरा संबंध याहून खोल आहे. सरकारी आकडा आणि डोळ्यांना दिसणारे वास्तव यांतील अंतर मराठवाड्याने जितक्या जवळून पाहिले आहे, तितके फारच थोड्या प्रदेशांनी पाहिले असेल.

पैसेवारीचा अनुभव

खरिपाचे पीक डोळ्यांदेखत करपून गेलेले असावे आणि गावची पैसेवारी मात्र ५० पैशांच्या वर जाहीर व्हावी, हा अनुभव आपल्याकडील शेतकऱ्याला नवा नाही. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम अशी ती उतरंड आहे. ५० पैशांच्या आत आले तर टंचाईच्या सवलती, वर राहिले तर काही नाही. म्हणजे त्या एका आकड्यावर शेतसारा, कर्जवसुली आणि मुलांची परीक्षा फी अवलंबून. दुष्काळाचे निकष पुढे बदलले, परंतु त्या आकड्याने मागे ठेवलेली साशंकता बदलली नाही. ज्याला सवलत द्यावयाची आहे त्यानेच नुकसान मोजावयाचे, अशी ही व्यवस्था असल्याची भावना गावोगाव रुजली आणि ती निराधार होती असे म्हणवत नाही.

किल्लारीची आठवण तर याहून दारुण आहे. १९९२ साली त्या परिसराला भूकंपाचे धक्के जाणवत होते. देशाच्या भूकंप-नकाशावर मात्र तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. नकाशा काढणारे शास्त्रज्ञ अप्रामाणिक होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या हाती जेवढी माहिती होती तेवढ्यावर त्यांनी रेघ ओढली. परंतु ‘धोक्याची नोंद नाही’ आणि ‘धोका नाही’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत, हे मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन शिकले. समुद्रात तेल सांडते तेव्हा नेमकी हीच दोन वाक्ये एकमेकांच्या जागी वापरली जातात.

तवंग गेला, म्हणजे तेल गेले काय?

‘तवंग आता दिसत नाही’ हे निवेदन बहुधा खरे असते. फसगत त्यातून काढल्या जाणाऱ्या अर्थात आहे. जहाजाचे इंधन तेल जड असते. त्याचा थोडाच भाग हवेत उडून जातो. उरलेले तेल लाटांनी घुसळले जाऊन पाणी शोषते, फुगते आणि त्याचा तपकिरी, चिकट लगदा बनतो. काही भाग गाळाला चिकटून तळाशी बसतो, काहीचे डांबरगोळे होऊन ते कितीतरी दिवसांनी भलत्याच किनाऱ्याला लागतात. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुमारास वर्षानुवर्षे असे गोळे येऊन पडत आहेत. तवंग फोडण्यासाठी रसायने फवारली तर तेलाचे बारीक कण पाण्यात खाली जातात. ते वरून दिसेनासे होतात, नाहीसे होत नाहीत. खारफुटीत तर तेल श्वसनमुळांवर बसते आणि झाडाची हवाच कोंडते. ते झाड महिन्या-दोन महिन्यांनी वाळू लागते, तोवर वार्ताहर आणि अधिकारी दोघेही परतलेले असतात.

मासळीचेही तसेच. ‘मासळी सुरक्षित आहे’ हे विधान कोणत्या मासळीविषयी? पोहणारा मासा तेलाने माखलेल्या पाण्यातून दूर जाऊ शकतो, आणि पोटात गेलेल्या तेलातील बरीच द्रव्ये त्याचे यकृत मोडून टाकू शकते. तिसऱ्या, कालवे, शिंपले यांना जागा सोडता येत नाही आणि ती द्रव्ये त्यांच्या शरीरात अधिक काळ साचून राहतात. म्हणजे खोल समुद्रातून आणलेला मासा निर्धोक असेल आणि त्याच दिवशी खाडीतून वेचलेल्या तिसऱ्या निर्धोक नसतील. कोळीणबाईला हा भेद शाळेत न जाताही कळतो. कोणत्या चिखलाला तेलाचा वास येतो हे तिला नाकाने ठाऊक असते. निवेदन लिहिणाऱ्याने तो भेद केला असता तर त्याचे अर्धे काम झाले असते. सरसकट दिलेला दिलासा हा सरसकटच नाकारला जातो.

हा दोष केवळ आपल्याकडचा आहे असेही नव्हे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्यू पावले. तळातून रोज १००० पिंपे तेल वाहत असल्याचे प्रथम सांगण्यात आले, मग ५००० पिंपे. शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मोजमाप केल्यावर हा आकडा दिवसाला ५० हजार पिंपांच्या वर गेला, आणि १५ जुलैला विहीर बंद होईपर्यंत सुमारे ४९ लाख पिंपे तेल बाहेर पडल्याचा अंदाज अमेरिकी सरकारनेच दिला. तेलप्रवाहाविषयी अमेरिकी काँग्रेसची दिशाभूल केल्याचा गुन्हा पुढे त्या कंपनीने न्यायालयात कबूल केला. आपल्या देशात २८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळ एन्नोर बंदराबाहेर दोन जहाजे धडकली, तेव्हा पर्यावरणाची हानी झालेली नाही असे बंदराच्या बाजूने आधी सांगण्यात आले. आणि थोड्याच दिवसांत तरुण मुले, मच्छीमार, जवान किनाऱ्यावर उभे राहून बादल्यांनी काळा लगदा उपसताना साऱ्या देशाने पाहिले. दोन्ही ठिकाणी पहिला आकडा लहान होता, आणि तो ज्याला मोठा आकडा महाग पडला असता त्याच्याकडून आला होता.

अविश्वासाची किंमत

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. टक्कर झाल्यावर पहिल्या काही तासांत कोणालाच नेमके काही ठाऊक नसते. पावसाळी समुद्र, कलंडलेले जहाज, फुटलेली टाकी; अशा वेळी तटरक्षक दलाचे जवान जीव धोक्यात घालून काम करतात. घबराट पसरू नये ही प्रशासनाची काळजी खोटी नसते. शिवाय सरकारी म्हणून प्रत्येक आकडा खोटाच समजावयाचा, हा आळशीपणाही आपल्यात बोकाळला आहे. विश्वास न ठेवण्यालाही पुरावा लागतो, हे सुशिक्षितांनी तरी विसरता कामा नये.

कारण या अविश्वासाचे ओझे अखेर कोणाच्या डोक्यावर येते? मंत्रालयातील टिपणी लिहिणाऱ्याचा पगार त्याने थांबत नाही. बंदराचे काम चार-सहा दिवसांनी सुरू होते. जहाजाच्या मागे विमा कंपनी उभी असते. मासळी खरोखरच निर्धोक असतानाही लोकांनी ती घेतली नाही, तर टोपली परत घेऊन जाते ती कोळीणबाई. तिच्या मासळीविषयी केलेला खुलासा खरा असला तरी त्याचा तिला उपयोग होत नाही, कारण खुलासा करणाऱ्याची पत आधीच संपलेली असते. खोट्या दिलाशाने फक्त त्या दिवशीचे सत्य झाकले जाते असे नाही. उद्याचे खरे विधानही त्याने निकामी होते. २०१० साली मुंबईच्या बाजारात जे घडले त्याचा हा अर्थ आहे.

पंच कोठे आहेत?

मग करावयाचे काय? आपल्या व्यवहारात याला एक जुना आणि साधा शब्द आहे: पंचनामा. घराला आग लागली, गारपिटीने द्राक्षबाग झोडपली, विहिरीत कोणी पडले, तरी पंच बोलावले जातात. ते त्याच वस्तीतील असतात, जे पाहिले ते त्यांच्यासमोर लिहिले जाते आणि त्यावर त्यांची सही असते. पंचनाम्यातही लबाडी होत नाही असे नाही. परंतु पाहणारा आणि लिहिणारा एकच असू नये, हे तत्त्व त्यात आहे. समुद्रातील तेलगळतीचा असा पंचनामा होत नाही. पाण्याचे आणि मासळीचे नमुने घेताना मच्छीमार सहकारी संस्थेचा प्रतिनिधी हजर का नसावा? प्रत्येक नमुन्याचे भाग करून एक त्या संस्थेच्या ताब्यात मोहोरबंद का राहू नये? गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. जहाजाशी, बंदराशी आणि मंत्रालयाच्या प्रतिमेशी ज्यांचा हितसंबंध नाही अशा प्रयोगशाळांचे निष्कर्ष, प्रतिकूल असले तरी, थेट लोकांपुढे का येऊ नयेत?

रोजच्या निवेदनाचे रूपही बदलता येईल. त्यात तीन रकाने असावेत: काय मोजले, कशाचा केवळ अंदाज आहे, आणि काय अद्याप ठाऊक नाही. मोजले असेल तर कोणी, कोठे, किती वाजता. आदल्या दिवशीचा आकडा चुकला असेल तर तो चुकला असे पहिल्याच ओळीत. आणि गळती थांबल्यावर सहा महिन्यांनी व वर्षाने खारफुटीचे व तिसऱ्यांचे काय झाले याचा अहवाल. यासाठी नवा कायदा करण्याचीही वाट पाहावयास नको. लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित तथ्ये आपणहून प्रसिद्ध करावीत, असे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम सांगतेच. कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की हे कलम अर्ज येण्याची वाट पाहण्यासाठी लिहिलेले नाही.

असा आकडा लोक मानतात काय, अशी शंका कोणी काढील. त्याचे उत्तर आपल्याच शहरात आहे. पावसाळ्यात येथील माणूस सकाळी वृत्तपत्र उघडून प्रथम जायकवाडीचा साठा पाहतो: जिवंत साठा किती, आवक किती, टक्के किती. पाटबंधारे खात्याविषयी त्याच्या तक्रारी डोंगराएवढ्या असतील. पाणी कोणाला किती मिळते यावरून तो भांडेल, मोर्चा काढील. परंतु २१७१ दशलक्ष घनमीटरांपैकी आज किती, या आकड्यावर तो सहसा वाद घालत नाही. कारण तो आकडा रोज येतो, चढला तरी येतो आणि तळाला गेला तरी येतो. पैठणला जाऊन नाथसागराच्या काठी उभे राहिले की तो डोळ्यांनी पडताळून पाहता येतो. कोणी ‘पाण्याची चिंता नको’ असे सांगितले म्हणून हा विश्वास निर्माण झालेला नाही. वाईट बातमीही त्याच जागी, त्याच अक्षरांत छापली जाते म्हणून तो टिकला आहे.

२५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा-३’ हे जहाज ६४० कंटेनरांसह बुडाले, तेव्हा तेथील मच्छीमारांचा पहिला प्रश्न होता: कंटेनरांत काय आहे? पंधरा वर्षांपूर्वी मुंबईच्या कोळीवाड्यांतही हाच प्रश्न होता. आपल्या किनाऱ्यावरून जहाजांची ये-जा वाढतच राहणार, आणि पुढचा अपघात कधी होईल हे कोणाला सांगता येणार नाही. त्या दिवशीही निवेदन निघेल. त्याखाली खात्याच्या सहीशेजारी एखाद्या कोळीवाड्याच्या पंचाची सही असेल, तर ते वाचले जाईल. नसेल, तर टोपली पुन्हा भरलेलीच घरी जाईल.