नावं शेवटी येतात

सिद्धगड मुरबाड तालुक्यात असला तरी २ जानेवारीच्या पहाटे तिथे जमणाऱ्यांत कर्जत-नेरळकडची माणसं असतातच. १९४३ साली त्याच दिवशी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मानवंदना होते, नावं पुकारली जातात. हुतात्म्यांची कविता म्हटली की आपल्या कानांना हाच सूर अपेक्षित असतो. त्यामुळे आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सची ‘ईस्टर, १९१६’ वाचताना आपण बुचकळ्यात पडतो. हा गौरव करतोय की शंका काढतोय?

आधी घटना. २४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. बंडखोरांनी डब्लिनचं मुख्य टपालघर ताब्यात घेऊन आयरिश प्रजासत्ताक जाहीर केलं. आठवडाभरात शरणागती झाली. मग ३ ते १२ मे या दिवसांत ब्रिटिशांनी १५ जणांना गोळ्या घातल्या आणि बंडावर चिडलेलं लोकमत फिरलं.

कवितेत चार कडवी आहेत, ओळी अनुक्रमे १६, २४, १६, २४. तारीख २४, साल १६. हा योगायोग नसावा. पहिल्या कडव्यात मात्र बंडाचा पत्ताच नाही. संध्याकाळी कामावरून परतणारी ओळखीची माणसं भेटतात, कवी दोन शब्द बोलतो आणि क्लबात त्यांची टर कशी उडवायची ते मनात जुळवतो. इथे जरा थांबावं. माथेरानच्या नाभिक कुटुंबातले कोतवाल वकील झाले, नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. १९४२ पूर्वी त्यांना ‘काय भाई?’ म्हणून पुढे जाणारे कितीतरी असतील. येट्स स्वतःला त्या पुढे जाणाऱ्यांत बसवतो, आणि सोबत आपल्यालाही.

दुसऱ्या कडव्यात चौघांची चित्रं येतात, पण नावं नाहीत. वादांत गुंतलेली बाई, शाळा चालवणारा कवी, त्याचा होतकरू मित्र. चौथा जॉन मॅकब्राइड. येट्स जिच्यावर आयुष्यभर प्रेम करत राहिला त्या मॉड गॉनचा हा नवरा. त्याच्याबद्दलचा राग कवी लपवत नाही, तरी त्याला वगळतही नाही. मला कवितेचा कस इथे दिसतो.

तिसऱ्यात ही माणसं नाहीशी होतात. ओढा, घोडा, पाणकोंबड्या, ढग. सगळं क्षणाक्षणाला बदलणारं, आणि मध्ये एक दगड. एकाच ध्येयाची मनं दगड झाल्यासारखी वाटतात, असं कवी सुरुवातीलाच सांगतो, तरी वाचक अडतो. भिवपुरीच्या टाटा वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर उन्हाळ्यातही वाहणारी उल्हास नदी डोळ्यांपुढे आणा. पाणी पुढे जातं, धोंडा हलत नाही, पण पाण्याला वळण तोच देतो. एकाच ध्येयाने घट्ट झालेलं मन असं असतं. त्यात ताकद आहे आणि काहीतरी मेलेलंही आहे. दोन्ही धरून वाचायचं.

चौथ्यात कवी अवघड प्रश्न विचारतो: हे मरण टळलं असतं का? आयर्लंडच्या स्वराज्याचा कायदा १९१४ मध्येच झाला होता, महायुद्धामुळे अंमल थांबला होता. इंग्लंडने कदाचित शब्द पाळलाही असता. उत्तर तो देत नाही. आपल्याकडेही कोतवालांच्या ‘आझाद दस्ता’ या गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, तेव्हा हे अहिंसेत बसतं का हा वाद बेचाळीसच्या चळवळीत होताच. हुतात्मादिनाच्या भाषणात तो काढायला धीर लागतो. येट्सने तो खुद्द कवितेतच काढला, आणि मगच नावं घेतली: मॅकडोना, मॅकब्राइड, कॉनोली, पिअर्स.

दुसऱ्या कडव्यातली बाई, काउंटेस मार्किएविच, या यादीत नाही. स्त्री म्हणून तिची देहदंडाची शिक्षा जन्मठेपेवर आली होती. कवितेखाली तारीख आहे २५ सप्टेंबर १९१६. येट्सने कविता मोजक्या खाजगी प्रतींपुरतीच ठेवली. नियतकालिकात आली ती ऑक्टोबर १९२० मध्ये, आयर्लंड पुन्हा लढत असताना.