फी भरण्याआधी: आयटी सर्टिफिकेशनचा कोर्स कसा निवडायचा?

हे आजच्या भागाचं शब्दांकन. ऐकताना आकडे आणि नावं निसटतात, म्हणून ती इथे नीट लिहून ठेवलीत.

गेल्या काही आठवड्यांत जव्हार, मोखाडा, वावर भागातून बरेच मेसेज आले आणि प्रश्न साधारण एकच होता. शहरात एक क्लास आहे, क्लाउडचा नाहीतर नेटवर्किंगचा कोर्स आहे, फी पन्नास-साठ हजार आहे आणि शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. दादा, घेऊ का?

पन्नास-साठ हजार म्हणजे आपल्याकडे काय, हे मी वेगळं सांगायला नको. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा नाशिककडे द्राक्षबागेत जाणाऱ्या घराच्या हंगामाच्या कमाईचा मोठा वाटा त्यात जातो. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

कोर्स वेगळा, सर्टिफिकेट वेगळं

आपल्याला सवय एमएस-सीआयटीची. सेंटरवर नाव घालायचं, तिथेच शिकायचं, परीक्षा आणि सर्टिफिकेट त्याच फीमध्ये. त्यामुळे वाटतं, सगळीकडे असंच असणार.

कंपन्यांच्या सर्टिफिकेशनचं तसं नाही. सिस्को, ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट या कंपन्या स्वतःच्या तंत्रज्ञानावर परीक्षा ठेवतात. पास झालात की सर्टिफिकेट कंपनी देते, क्लास नाही. सिस्कोची सीसीएनए किंवा एडब्ल्यूएसची सुरुवातीची परीक्षा द्यायला कुठलाही क्लास केल्याची अट नाही. वेबसाइटवर खातं उघडा, फी भरा, तारीख घ्या, परीक्षा द्या.

क्लासवाले शेवटी जे देतात ते बहुतेक वेळा 'कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र' असतं. त्यावर मोठ्या कंपनीचा लोगो असला तरी ते त्या कंपनीचं सर्टिफिकेशन होत नाही. खऱ्या सर्टिफिकेशनची ऑनलाइन पडताळणी करता येते आणि मुलाखत घेणारे ती करतातही.

म्हणजे खर्च दोन आहेत: शिकण्याचा आणि परीक्षेचा. सीसीएनएची परीक्षा ३०० डॉलरची, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर. एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलर, सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट १५० डॉलर, वर कर. क्लासच्या फीमध्ये हे पैसे धरलेत का, हा तुमचा पहिला प्रश्न.

आधी काम ठरवा

कोर्सची जाहिरात बघून सुरुवात करू नका. नोकरीची जाहिरात बघा. एखाद्या जॉब पोर्टलवर फ्रेशरच्या वीस जाहिराती उघडा आणि वहीत खुणा करा: सीसीएनए किती वेळा आलं, लिनक्स किती वेळा, एडब्ल्यूएस किती वेळा. तासाभराचं काम आहे, पण यातून जे कळतं ते कुठलाही काउन्सेलर सांगणार नाही.

ढोबळमानाने असं बघा. नेटवर्क सपोर्टला जायचं तर सीसीएनए. सर्व्हर सांभाळायचे तर लिनक्स आणि रेड हॅटची आरएचसीएसए. क्लाउडला जायचं तर एडब्ल्यूएस किंवा मायक्रोसॉफ्ट ॲझ्युअर, पण त्याआधी नेटवर्किंग आणि लिनक्स थोडं तरी हवं, नाहीतर सगळं डोक्यावरून जातं. आणि प्रोग्रॅमिंग करायचं असेल तर माझ्या मते सर्टिफिकेटपेक्षा स्वतः लिहिलेले दोन-तीन प्रोजेक्ट जास्त कामाला येतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सर्टिफिकेटमुळे तुमचा बायोडेटा बाजूला काढला जाऊ शकतो. पुढे मुलाखतीत विचारतात, "वेबसाइट उघडत नाहीये, पहिलं काय तपासशील?" त्याचं उत्तर हाताने काम केलेल्यालाच देता येतं.

क्लासला विचारायचे प्रश्न

१. परीक्षेचा कोड कोणता? प्रत्येक परीक्षेला कोड असतो आणि तो बदलतो. सिस्कोने २४ फेब्रुवारी २०२० पासून सीसीएनए बदलून २००-३०१ ही एकच परीक्षा ठेवली. एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्टची सी०३ आवृत्ती ऑगस्ट २०२२ मध्ये आली. क्लास जुन्या नोट्सवर शिकवत असेल तर पैसे वाया. कोड घ्या आणि कंपनीच्या साइटवर जुळवून बघा.

२. प्रॅक्टिकल किती तास? सर स्क्रीनवर करून दाखवतात ते नाही, तुमच्या हाताने किती तास ते विचारा. आरएचसीएसएच्या परीक्षेत पर्यायी प्रश्न नसतातच. समोर चालू सिस्टीम देतात आणि कामं करायला सांगतात. तिथे पाठांतर चालत नाही.

३. शिकवणार कोण? नाव विचारा, दोन तास डेमोला बसा. 'अधिकृत पार्टनर' म्हणत असतील तर कंपनीच्या साइटवरच्या यादीत नाव शोधा.

४. मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलता येईल का? भिंतीवरचे फोटो पुरत नाहीत. फोनवर दोन मिनिटं बोला.

५. मध्येच सोडलं तर पैसे परत किती? उत्तर लेखी घ्या.

'परीक्षेत येणारे नेमके प्रश्न देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. याला डम्प म्हणतात. कंपन्या यासाठी सर्टिफिकेट रद्द करतात आणि पुढच्या परीक्षांना बंदीही घालतात.

शंभर टक्के प्लेसमेंट आणि सोपा हप्ता

नोकरीची हमी देणाऱ्या खोट्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पावती मात्र जपून ठेवा.

हप्त्याचं प्रकरण जास्त गंभीर आहे. 'आत्ता काही भरू नका, महिन्याला थोडे थोडे द्या' म्हणतात आणि फोनवर ओटीपी मागतात. तो बहुतेक वेळा क्लासचा हप्ता नसतो, तुमच्या किंवा वडिलांच्या नावावरचं फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. क्लास आवडला नाही, अगदी बंद पडला, तरी फायनान्स कंपनी हप्ते मागत राहते. ओटीपी देण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. कर्जाचा एकूण खर्च त्यात लिहावाच लागतो. डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कूलिंग-ऑफ कालावधीही असतो. तेवढ्या दिवसांत मुद्दल आणि झालेलं व्याज भरून बाहेर पडता येतं.

आधी फुकटचं वापरा

माझा सल्ला: कुठल्याही क्लासला पैसे देण्याआधी दोन महिने फुकट शिका. आवडतंय का, जमतंय का, ते त्यात कळतं.

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर लिनक्ससारख्या विषयांचे मराठी व्हिडिओ आहेत. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीवर फुकट कोर्स आहेत आणि पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअरही, ज्यात खोटे राउटर जोडून खरा सराव होतो. मायक्रोसॉफ्ट लर्न फुकट आहे, एडब्ल्यूएस स्किल बिल्डरचा बराच भाग फुकट आहे. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स ॲप टाका. लिनक्सच्या साध्या कमांड त्यावर शिकता येतात. पुढच्या सरावाला मात्र लॅपटॉप लागेल, सेकंडहँड चालेल. साठ हजारांतला पहिला खर्च मी तरी यावर करेन.

आदिवासी तरुणांसाठी प्रशिक्षणाची एखादी योजना चालू आहे का, ते जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारा.

परीक्षा घरून ऑनलाइन देता येते, पण त्यासाठी कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर, शांत खोली आणि न तुटणारं नेट हवं. आपल्याकडची लाइट बघता सेंटरवर जाणंच बरं. सिस्को, एडब्ल्यूएस आणि मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांसाठी पिअरसन व्ह्यूच्या साइटवर नाशिक, ठाणे, मुंबई टाकून सेंटर शोधा. नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं.

आणि सर्टिफिकेटची मुदत बघा. सीसीएनए, आरएचसीएसए आणि एडब्ल्यूएसची तीन वर्षं चालतात. मायक्रोसॉफ्टची सुरुवातीची फंडामेंटल्स संपत नाहीत, असोसिएट दरवर्षी ऑनलाइन फुकट नूतनीकरण करावी लागतात. म्हणून नोकरी शोधायला तयार असाल तेव्हाच परीक्षा द्या, उगाच दोन वर्षं आधी नको.

एवढं सगळं करूनही क्लास लावावासा वाटला तर जरूर लावा. चांगला शिक्षक आणि सोबत शिकणारी चार मुलं असली की गाडी लवकर पुढे जाते. फक्त फी भरण्याआधी परीक्षेचा कोड आणि क्लासच्या अटी मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही सिलॅबस आपण एकत्र बसून तपासू.