मेगेरेन, हान व्हान
(१० ऑक्टोबर १८८९–३० डिसेंबर १९४७). डच चित्रकार व बनावट चित्रांचा निर्माता. जन्म डेव्हेंटर येथे. आपली उपेक्षा करणाऱ्या समीक्षकांचे अज्ञान उघडे पाडण्यासाठीच आपण यान व्हरमेर (१६३२–७५) याच्या नावे चित्रे रंगविली, असे त्याचे समर्थन होते. नव्या रंगांना जुन्या चित्राचा कठीणपणा यावा म्हणून तो त्यांत कृत्रिम रेझीन मिसळून चित्रे भट्टीत तापवी. त्याचे एमाउस येथील भोजन हे चित्र आब्राहाम ब्रेडियस या तज्ञाने १९३७ मध्ये अस्सल ठरविले व ते रॉटरडॅमच्या संग्रहालयाने घेतले. सूड येथेच पुरा झाला होता. तथापि त्याने रहस्य फोडले नाही, उलट आणखी बनावट चित्रे विकून अमाप संपत्ती मिळविली. गोरिंगकडे गेलेल्या ‘व्हरमेर’मुळे १९४५ मध्ये शत्रूशी सहकार्याच्या आरोपावरून अटक झाल्यावरच त्याने कबुली दिली आणि पहाऱ्यात नवे चित्र रंगवून ती सिद्ध केली. गोरिंगला ठकविणारा म्हणून लोकांनी त्याचे कौतुकही केले. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यास एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगण्यापूर्वीच ॲम्स्टरडॅम येथे तो मरण पावला.